आबा वेत शिकतात

खुर्ची दुकानात आली की आबा आधी खुर्चीकडे बघायचेच नाहीत. ती घेऊन येणाऱ्या माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "यावर बसस कोन?"

"घरचे सगळेच बसतात," असं कुणी म्हणालं की आबा मान खाली घालून पुन्हा कामाला लागायचे, जणू समोरच्यानं अजून तोंडच उघडलेलं नाही. मग तो बिचारा आठवून आठवून सांगायचा, तशी आईच बसते, सकाळी पेपर वाचायला आणि संध्याकाळी सिरियल बघायला. "मग तिले आन," आबा म्हणायचे. आईला आणणं जमणार नसेल तर स्वतः तिच्या घरी जायचे. तिला एखाद्या स्टुलावर बसवायचे, उठवायचे, परत बसवायचे. पाय जमिनीला टेकतात का, उठताना कोणता हात रेटते, एवढं बघायचे आणि चहा न घेता निघायचे.

धुळ्यातल्या एका जुन्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. सोफे, आरामखुर्च्या, झोपाळ्याच्या गाद्या, जुन्या दिवाणांच्या पाठी, सगळं ते जुन्या पद्धतीनं करायचे. खाली पट्टे विणायचे, त्यावर स्प्रिंगा सुतळीनं बांधायच्या, वर गोणपाट, मग नारळाचा काथ्या, त्यावर कापसाचा थर आणि शेवटी कापड. चुका, म्हणजे बारीक खिळे, मूठभर तोंडात धरून ते काम करायचे आणि जिभेनं एकेक चूक ओठांवर आणून हातोडीला द्यायचे. त्या अवस्थेतही ते बोलायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याच्या जिभेला काहीतरी झालंय. आम्हा जुन्यांना सगळं कळायचं, शिव्यासुद्धा.

काम पूर्ण झालं की आणखी एक परीक्षा असायची. दुपारी जेवून आबा त्या नव्या सोफ्यावर आडवे व्हायचे. डोळा लागला तर सोफा पास. नाही लागला तर उठून सरळ कापड उचकटायचे. गिऱ्हाइकाचा फोन आला, की आबा, सोफा कधी देताय, पाहुणे येणार आहेत, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "अजून झोप लागली नाही."

आणि प्लास्टिक! आपण पोहोचवलेल्या सोफ्यावर कुणी प्लास्टिकचं कव्हर घातलंय असं त्यांच्या कानावर आलं तर ते त्या घरी जायचे. "पाणी द्या," म्हणायचे. घरातली बाई पाणी आणायला आत गेली की कव्हर काढून, घडी घालून, बगलेत मारून उभे राहायचे. पाणी प्यायचे आणि कव्हर घेऊन निघून यायचे. दुकानाच्या माळ्यावर अशा कव्हरांचा ढीग होता. एकदा एक बाई भांडायला आल्या. आबांनी त्यांना शांतपणे विचारलं, "ताई, तुम्ही साडीवर प्लास्टिक घालून लग्नाला जाता का?" बाई कव्हर न घेताच गेल्या.

मी त्यांच्याकडे गेले ते पडदे आणि शाळेचे गणवेश शिवता शिवता. गल्लीतल्या एका घरासाठी मी उशांचे अभ्रे शिवले होते. कडेला दोरी घालून गोट लावलेला. तो गोट आबांनी पाहिला आणि माझं घर शोधत आले. दारातच म्हणाले, "कोपऱ्यावर तुझा हात वळतो. बाकी तुला काही येत नाही. उद्यापासून ये."

त्यांचं शिकवणं म्हणजे उसवणं. मी स्प्रिंगा बांधायच्या, त्यांनी येऊन तळहातानं दाबून बघायच्या आणि एक अक्षर न बोलता सगळ्या सुतळ्या कापून टाकायच्या. काय चुकलं ते सांगायचं नाही. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हणायचे, उद्या जाणार नाही. सकाळी पुन्हा दुकानात हजर. एके दिवशी त्यांनी स्प्रिंगा दाबल्या, कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली. त्या दिवशी मी येताना घरच्यांसाठी जिलबी घेऊन आले.

जुनं फर्निचर उघडलं की आत काय काय सापडायचं. केसांच्या पिना, पेनाची टोपणं, शेंगदाणे, कानातला एकच डूल. आबा ते सगळं एका ताटलीत मांडून त्या घरी नेऊन द्यायचे. एकदा एका मारवाडी कापड व्यापाऱ्याच्या घरची, त्याच्या वडिलांची आरामखुर्ची आली होती. तिच्या बैठकीच्या सांदीतून गोळ्या निघाल्या. पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या विरघळलेल्या, ओंजळभर. मी म्हटलं, "आबा, सूनबाईंना सांगायला हवं." आबांनी गोळ्या पुडीत बांधल्या आणि आम्ही दोघं त्या घरी गेलो. घरातले सगळे त्यांच्या कापडदुकानात होते. म्हातारे काकाजी एकटेच बसलेले.

आबा त्यांच्या शेजारी टेकले आणि पुडी त्यांच्या हातात दिली. "काकाजी, दुसरी जागा शोधा. ती सांद मी आता पक्की शिवली."

काकाजींनी पुडी मुठीत लपवली. म्हणाले, "तोंड कडू पडतं हो. खाल्लेल्याची चवच लागत नाही. सांगून सांगून थकलो, कुणी ऐकत नाही."

"मग आज तुम्ही सांगा, मी शेजारी बसतो. नाहीतर मीच सांगतो."

आबा खरंच बसले. मुलगा घरी येईपर्यंत बसले आणि काकाजी बोलत असताना मधे मधे नुसती मान हलवत राहिले. पुढे डॉक्टरांनी गोळी बदलली. काकाजी ती खाऊ लागले आणि खुर्ची पोहोचवायला गेलो तेव्हा आबांना डब्यातून दालबाटी मिळाली. घरी जाताना मी मनात म्हणाले होते, दुसऱ्याचं घर या माणसाला किती कळतं!

आपल्या घराचं मात्र तसं नव्हतं.

आबांना एकच मुलगा. बायको फार आधी गेलेली. मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता आणि हात चांगला होता, असं आबाच म्हणायचे. पण मी यायच्या आधीच तो बायको आणि लहान मुलगी घेऊन जळगावला निघून गेला होता. तिथे त्यानं फोमच्या सोफ्यांचं दुकान टाकलं होतं. जाताना दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "तुमच्या काथ्याला आता कुणी विचारत नाही, मला या कचऱ्यात आयुष्य घालवायचं नाही," असं तो म्हणाला होता. आबा ते वाक्य विसरले नव्हते. फोम हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढायचा नाही. दिवाळीला मुलगा धुळ्यात यायचा तो सासरच्या नातेवाइकांकडे उतरायचा, आबांना तिथे भेटायला बोलवायचा. दुकानात पाऊल ठेवायचा नाही, नातीला तर नाहीच आणायचा. "बापाच्या घराची लाज वाटते त्याला," आबा म्हणायचे आणि त्या दिवशी हातोडी जरा जास्त जोरात चालायची.

मग एकदा मी कापड आणायला जळगावला गेले. काम आटोपलं, बसला वेळ होता, म्हणून आबांच्या मुलाच्या दुकानाकडे वळले. तो कुठे बाहेर गेला होता. गल्ल्यावर सून बसली होती, चोपड्याची, बोलकी. तिनं मला ओळखलं, उसाचा रस मागवला. काउंटरच्या मागे उंच स्टुलावर नात बसली होती. आठ-नऊ वर्षांची, पाय लोंबकळत, पुस्तकात डोकं. वाचता वाचता तिला खोकला आला. थांबेना. सुनेनं ड्रॉवरमधून दम्याचा पंप काढून तिच्या तोंडाला लावला. पोरीनं सरावानं श्वास ओढला, थोडी थांबली आणि पुन्हा वाचायला लागली.

"पावसाळ्यात वाढतं," सून म्हणाली. "पण धुळ्यापेक्षा कितीतरी बरं आहे. तिकडे तर रोज रात्री हिला उभं धरून बसावं लागायचं."

"का? तिकडे काय होतं?"

सुनेनं माझ्याकडे असं बघितलं, की हिला माहीत नाही? मग हळू आवाजात सांगितलं. कापसाचे तंतू, काथ्याची धूळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला त्या घरात ठेवू नका. "मी म्हटलं, आबांना सांगा. तर हे म्हणाले, काय सांगू? ज्या धंद्यावर त्यांनी मला वाढवलं, त्या धंद्यामुळे त्यांच्या नातीचा श्वास अडतो, असं सांगू? ते एक तर दुकान बंद करतील, नाहीतर मनात झुरतील. त्यापेक्षा भांडून निघतो. माझ्यावर रागावले तर रागावले. तेवढं त्यांना सोसेल."

रस माझ्या हातात तसाच राहिला.

बसमध्ये मी सारखा तोच विचार केला. सांगावं, तर मुलानं एवढी वर्षं जे जपलं ते मी मोडणार. न सांगावं, तर आबा तसेच मुलाच्या नावानं हातोडी आपटत राहणार. सकाळी दुकानात गेले तेव्हा आबा झोपाळ्याच्या गादीवर काम करत होते, तोंडात चुका. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

आबांनी एकेक चूक तोंडातून काढून तळहातावर ठेवली. सगळ्या काढून झाल्यावर म्हणाले, "त्यानी माले सांगं नही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"एवढा कच्चा समजला मला?" ते एकदम ओरडले. "माझी नात, आणि मलाच माहीत नाही? मी काय परका?" चुका त्यांनी फरशीवर भिरकावल्या, उठले आणि घरात गेले. दुपारी बाहेर आले नाहीत. संध्याकाळी मी दार वाजवलं तर म्हणाले, "जा तू घरी."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दुकानाची फळी उघडी होती आणि आबा खराट्यानं माळा झाडत होते. कापसाचा धुरळा उन्हात तरंगत होता. आबा झाडायचं थांबवून त्या धुरळ्याकडे बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "हे बठ्ठं... सगळं तिच्या छातीत जायचं."

मी त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला.

"वेताच्या खुर्चीत आत काय भरतात?"

"काहीच नाही, आबा."

"तेच म्हणतो."

मला हसू आलं, कारण वेताच्या खुर्च्यांची त्यांनी आजवर टिंगलच केली होती. आते काय भोकवर बसानं, असं म्हणायचे. दुरुस्तीला आलेली वेताची खुर्ची परत पाठवायचे. म्हणजे त्यांना ते काम येतच नव्हतं. आणि आता नातीसाठी खुर्ची करायची, तर ती स्वतःच्या हातानं विणायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

चाळीसगावला स्टेशनाजवळ एक वेतकाम करणारे भाऊ राहत होते. जन्मापासून आंधळे, वयानं आबांच्या मुलाएवढे. एका संस्थेच्या खुर्च्यांचं मोठं काम त्यांच्याकडे होतं आणि वेळ अजिबात नव्हता. मोबाइलवर क्रिकेटची कॉमेंट्री मोठ्यानं लावून ते विणत बसायचे. आबांना आवाज चालत नसे. पहिल्याच दिवशी आबांनी, आपलं सगळं आयुष्य या धंद्यात गेलंय, असं ऐकवलं. भाऊ म्हणाले, "अरे बापरे. मग तुम्हाला वेळ लागेल. नवं माणूस असतं तर बरं झालं असतं." आणि विकेट पडली म्हणून आमच्याकडे पाठ फिरवली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही पॅसेंजरनं चाळीसगावला जायचो. सांगाडा आबांनी भंगारातून शोधून आणला होता, सागवानी, बुटका, हातांना छान गोलाई असलेला. माप कसं घेतलं? "पाय टेकतात का तिचे?" हे त्यांनी मला इतक्या वेळा विचारलं, की शेवटी मी सुनेला फोन केला. तिनं शिवणाची टेप घेऊन पोरीचं गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप काढलं आणि नवऱ्याला काही न सांगता मला कळवलं. आबांनी खुर्चीच्या पायांची लांबी त्या मापानं कापली.

वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून ओवायच्या, उभ्या, आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या. तिथपर्यंत आबांनी रेटून नेलं. त्यांचा हात सुतळी ओढायचा, वेतही तसाच ओढायचे आणि वेत फाटायचा. मला ते लवकर जमलं. आबा माझ्याकडे तिरक्या नजरेनं बघायचे. "तुले जमस, माले जमत नही," एकदा स्वतःशीच पुटपुटले. खरी गंमत तिरक्या पट्ट्यांना आली. तिरकी पट्टी योग्य बाजूनं घातली तर सुळकन सरकते. उलटी घातली तर प्रत्येक फुलीशी घासते. आबांनी अख्खी बैठक तिरकी विणून काढली. भाऊंनी कॉमेंट्री बंद केली, बैठकीवरून बोटं फिरवली, कात्री मागितली आणि कचाकच सगळ्या तिरक्या पट्ट्या कापून टाकल्या. मग कॉमेंट्री पुन्हा लावली.

आबा उठून चालू लागले. मी स्टेशनवर पोहोचले तेव्हा ते बाकावर बसले होते, रागानं कान लाल झालेले.

"बठ्ठं उसवी टाकं त्यानी," ते म्हणाले. "काय चुकलं ते तरी सांगावं का नाही माणसानं? एक शब्द नाही!"

मी तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. आबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं. आधी मिशा हलल्या, मग पोट. आम्ही दोघं त्या बाकावर इतके हसलो, की चहावाला येऊन उभा राहिला. "चल," आबा डोळे पुसत म्हणाले, "त्याला विचारू तरी."

भाऊंना त्यांनी विचारलं. "चुकलं कुठं, सांगा." आपल्याहून लहान माणसाला आबांनी अहोजाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. भाऊंनी त्यांचा हात हातात घेतला, पट्टी चुकीच्या बाजूनं ओढायला लावली, मग बरोबर बाजूनं. "फरक कळला?" आबांनी मान हलवली, मग समोरच्याला ते दिसत नाही हे आठवून म्हणाले, "हो. कळला."

खुर्ची तयार झाली ती निर्दोष नव्हती. एका कोपऱ्यात वीण थोडी ढिली होती. आबांना ती दिसत होती, पण या वेळी त्यांनी ती उसवली नाही. पोरीचा वाढदिवस वगैरे काही नव्हता. त्यांना आता थांबवत नव्हतं, एवढंच.

जळगावला जायच्या सकाळी आबा मला ओळखू आले नाहीत. दाढी केलेली, केस कापलेले, अंगावर नवा शर्ट आणि पायजमा. ते कपडे त्यांनी माझ्याकडे धुवायला दिले होते आणि माझ्याच घरी ठेवले होते. अंघोळसुद्धा माझ्या घरी येऊन केली. तिथून दुकानात न जाता थेट बसस्टँडवर. खुर्ची तर मी आधीच घरी आणून ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, खुर्ची टपावर टाका. आबांनी ती मांडीवर घेतली आणि जळगावपर्यंत तशीच धरली.

दार मुलानंच उघडलं. आबांना बघितलं, खुर्ची बघितली, मग मला. त्याला समजलं. "कुणी सांगितलं?" एवढंच म्हणाला.

"तू सांगायला पाहिजे होतं," आबा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"ऐकलं असतं तुम्ही?"

आबांनी विचार केला. "ऐकलं असतं. पण तुझ्यावर ओरडलो असतो. मग दुकान पेटवून दिलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"फुकट एवढी वर्षं तुला शिव्या दिल्या रे," आबा म्हणाले आणि त्यांचा आवाज बारीक झाला. मुलानं पुढे होऊन खुर्ची त्यांच्या हातातून घेतली आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरून त्यांना आत घेतलं.

नात पुस्तकासकट आली. आबांनी विचारायच्या आत खुर्चीत बसली. पाय टेकले. पुढे-मागे झाली, हातांच्या गोलाईवर कोपरं ठेवली. "आबा, इथे टोचतंय," ती म्हणाली. आबा खाली बसले, चष्मा काढून बैठकीला नाक लावलं, एक काडी शोधली आणि सुनेनं दिलेल्या नखं कापायच्या कटरनं ती कापली. "आता?"

"आता नाही."

"झोप लागेल यावर?"

"दिवसा कुणी झोपतं का?" पोर म्हणाली. तिच्या आईनं तिला डोळे दाखवले. आबा मात्र असे खूष झाले, की विचारू नका.

वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन झाल्यावर मी बसची वेळ झाली म्हणून उठले. आबाही उठायला लागले. मुलगा म्हणाला, "राहा ना आज." आबांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाची बाही नाकाशी नेऊन वास घेतला. "राहू का?" त्यांनी शेवटी नातीला विचारलं. "तुले त्रास नही ना व्हनार?"

"तुम्हाला गोष्टी येतात का?" तिनं विचारलं.

मी एकटीच धुळ्याला परत आले. सकाळी दुकानाची फळी काढत होते तेव्हा फोन वाजला. आबा कधी फोनवर नीट बोलायचे नाहीत, दोन शब्दांत ठेवून द्यायचे. त्या दिवशी त्यांचा आवाज घोगरा होता.

"ऐक. पोर रातभर खोकलनी नही."

"बरं झालं, आबा."

"मी जागाच होतो. ऐकत होतो." थोडं थांबून म्हणाले, "दुकान आता तू बघ. मी येईन मधे मधे. बाहेर ओट्यावर बसून तुला शिव्या देईन. आत येणार नाही."

मी हातातली फळी भिंतीला टेकवली. आबांनी फोन ठेवला नाही, बहुतेक विसरले. पलीकडून कपबशीचा आवाज आला, नळ सुटल्याचा आवाज आला आणि मग पोरीनं घरातून हाक मारली, "आबा, उठा ना, ती माझी खुर्ची आहे!"